अढीतले आंबे घेऊन कार्बाइडच्या कारखान्यात

कोल्हापूरला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात माणसं तीन होती आणि कारणंही तीन. ह्यांना तांबडा रस्सा खायचा होता. मृणालला, म्हणजे आमच्या लेकीला, तिनं पसंत केलेल्या मुलाचं घर आम्ही एकदा बघून यावं असं वाटत होतं. आणि मला अंबाबाईची ओटी भरायची होती. हे मी बोलून दाखवलेलं कारण. मनातलं वेगळं होतं, ते इथे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी अशी का वागले ते कळेल.

मुलाचं नाव ओंकार. मृणालच्याच कॉलेजातला, शिकून परत कोल्हापूरला गेलेला, घरचा कारखाना सांभाळणारा. फोटोत चांगला दिसत होता, कपाळाला गंध होतं. एवढ्यावर मी निम्मी राजी झाले होते. पोळ्या लाटता लाटता सहज विचारलं, "कारखाना कशाचा गं?"

"कार्बाइडचा," मृणाल म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून गॅलरीत गेली.

माझी तव्यावरची पोळी करपली.

कार्बाइड म्हणजे काय हे आमच्या पनवेल-उरणकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. आंब्याच्या पेटीत कागदाच्या पुड्या सापडतात ना, राखाडी भुकटीच्या? तेच ते. हिरवागार आंबा रातोरात पिवळा करणारं. वरून पिवळा, आत पांढरा, चवीला उकडलेला भोपळा, आणि पोटाला विष. सरकारनं बंदी घातली तरी चोरून वापरणारे वापरतातच. मी दरवर्षी बाजारात पेटी उघडून नाक खुपसून वास घेते. आमच्याकडे मोसमातला पहिला आंबा देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावत नाही. त्या देवाच्या नैवेद्यात विष कालवणाऱ्यांच्या घरी लेक द्यायची?

"धंदा मला पसंत नाही," एवढंच मी मृणालला सांगितलं.

"का पण?"

"नाही पसंत."

ती मग म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर मी लग्न करणार नाही. पण न बघता नाही म्हणू नकोस. एकदा जाऊन ये." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मी बोलले नाही, कारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या कामाला पाप म्हणणं हेही पापच. शिवाय पुढेमागे लग्न झालंच, तर लेकीच्या मनात सासरबद्दल मीच कालवलेलं राहायला नको. मनात अढी बसली होती ती माझ्या. ती माझ्याजवळच ठेवून मी पिशवी भरली.

अढीवरून आठवलं. सोबत काय न्यायचं तेही मी विचार करून ठरवलं. पनवेलच्या बाजारात उरणकडून एक मावशी येतात, स्वतःच्या वाडीतले आंबे घेऊन. निघायच्या आठवडाभर आधीच त्यांना म्हटलं, दोन डझन कच्चेच द्या, पिकवायचे माझे मी बघते.

"आमी पावडर नाय टाकत ताई, तुमाला माहीत हाय," मावशी म्हणाल्या.

"म्हणून तर तुमच्याकडे येते. कोल्हापूरला न्यायचेत."

"कोलापूरला? तितं काय आंबं नाय का?"

"आहेत. पण त्यांना दाखवायचंय."

मावशींना काय समजलं कोण जाणे, पण एक आंबा वर टाकला. त्यातले डझनभर घरी पलंगाखाली पेंढ्यात अढी लावून ठेवले, आणि डझनभर खोक्यात पेंढा घालून सोबत घेतले. मनाशी म्हटलं, असं पिकवतात आंबे. बघा म्हणावं.

पहिला दिवस: पनवेल ते कोल्हापूर

गाडीचं म्हणाल तर सकाळची एसटी पकडा. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या पनवेल स्टँडला थांबतात, पण जागेची खात्री नसते, म्हणून आरक्षण करून ठेवलेलं बरं. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी ह्यांच्या निम्म्या किमतीत प्रवास केला. ह्यांना अर्ध्या तिकिटाला अजून चार वर्षं आहेत, याची मी त्यांना खंडाळ्याच्या घाटात आठवण करून दिली.

"मग चार वर्षांनी गेलो असतो," हे म्हणाले, आणि झोपले. ह्यांना एसटीत जितकी झोप लागते तितकी घरी कधी लागत नाही.

डबा घरूनच न्या. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी घेतली होती. स्वारगेटला गाडी थांबते तेव्हा पाय मोकळे करून घ्या. साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलवर जेवायला थांबवतात. तिथला चहा पंधरा रुपयांना आणि कप बाहुलीच्या खेळातला. कऱ्हाड सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो, आणि डोळे थंड होतात. मात्र जागोजाग रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा सांगितलेल्या वेळेत तास-दीड तास धरून चाला. एका ठिकाणी मोठं यंत्र जुना डांबरी रस्ता खरवडत होतं, खोबरं खवल्यासारखं. ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, "बरं," आणि परत झोपले. त्या यंत्राबद्दल पुढे सांगायचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

देवळाजवळच्या भक्तनिवासात खोली घेतली. स्वच्छ आहे, गरम पाणी सकाळीच येतं, आणि हॉटेलच्या मानानं पैसे फारच कमी. संध्याकाळी दर्शनाला गेलो. ओटीचं सामान बाहेरच्या पहिल्या दुकानात घेऊ नका, थोडं आत चालत जा, नारळ तोच आणि पैसे कमी. रांग तासाभराची होती. देवीपुढे उभी राहिले तेव्हा खण-नारळ पुढे केला आणि मनात म्हटलं, आई, उद्या जे असेल ते मला स्वच्छ दाखव. लपवून ठेवू नकोस.

बाहेर आल्यावर गंगावेशीत दूध प्यायलो. समोर म्हशी बांधलेल्या, समोरच धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. ह्यांनी दोन घेतले. मी पेल्यात बघत विचारलं, "यात काही घालत नाही ना?"

दूधवाला म्हणाला, "काकू, म्हस बी हितंच, मी बी हितंच, आन् तुमी बी हितंच. घालू कवा?"

असं उत्तर उद्या ओंकारच्या घरी मिळालं तर किती बरं होईल, असं मला वाटून गेलं.

दुसरा दिवस: कारखाना

सकाळी मिसळ खाल्ली. (तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा. ह्यांनी मागितला नाही. दिवसभर पाणी पीत होते.) मग ओंकार स्वतः गाडी घेऊन आला. वाकून नमस्कार केला, खोकं उचललं, म्हणाला, "काकू, आंबे आणलाय व्हय? वास सुटलाय."

"अढीतले आहेत," मी त्याच्या तोंडाकडे बघत म्हटलं. "पावडर नाही."

"भारी," तो म्हणाला. चेहऱ्यावर काहीही नाही. मी मनात म्हटलं, मुरलेला दिसतोय.

घर शहराच्या बाहेर, पुढे घर आणि मागे कारखाना. दारात रांगोळी, तुळशीला ताजं पाणी. ओंकारची आई शोभाताई दारात उभ्या होत्या, गोऱ्यापान, हसऱ्या, पदर खोचलेला. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. पांढरा शर्ट, पण नखांच्या कडा काळ्या. पुड्या बांधून असं होत असेल का, मी विचार करत होते.

पोहे झाले. मी ठरवलं की आता आडून आडून विचारायचं.

"माल कुठे कुठे जातो तुमचा?"

"सगळीकडं की ताई," आप्पा म्हणाले. "पुणं, चाकण, नाशिक. गेल्या वर्षी दुबईला बी धाडला."

दुबईला! तिथल्या लोकांनासुद्धा!

"आणि... घेणाऱ्यांची कधी तक्रार?"

"येती की कवातरी. लई घाईनं गरम केलं तर आतनं तडकतंय."

"घाई केली की आतून बिघडणारच," मी म्हटलं. "आम्ही तर पेंढ्यातच ठेवतो. आठ-दहा दिवस लागतात, पण चांगलं होतं."

आप्पांनी शोभाताईंकडे बघितलं. शोभाताईंनी ओंकारकडे बघितलं. "पेंढ्यात?" आप्पा म्हणाले. "आमी भट्टीत करतोय."

"भट्टीत?" माझ्या हातातला चमचा बशीत पडला. "म्हणजे पावडर लावून वर भट्टीत?"

"पावडरच तर भट्टीत घालतोय. चौदाशे डिग्रीला."

मी दहावी पास आहे. विज्ञानात पंचेचाळीस मार्क होते, पण चौदाशे डिग्रीला आंब्याचं काय होईल एवढं मला कळत होतं. ह्यांच्याकडे बघितलं तर हे तिसरी बशी पोह्यांची खात होते.

"चला, दाखवूनच आणतो," ओंकार उठला.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा नाकानं श्वास घेतला. आंब्याचा वास नाही. तेलाचा आणि थोडासा मेणाचा. ओंकारनं आम्हाला मास्क दिले, कारण ती भुकटी छातीत जाणं बरं नाही म्हणे. बघा, मी म्हटलं मनात, हेही मान्य करतोय. एका डब्यात भुकटी होती. पण राखाडी नाही, काळी कुळकुळीत, काजळासारखी.

"उचला काका," ओंकारनं ह्यांना सांगितलं. डबा म्हणजे आपली लोणच्याची लहान बरणी असते तेवढा. ह्यांनी एका हातानं उचलायला घेतला आणि तो जागचा हललाच नाही. मग दोन हात लावले.

"हे काय शिसं भरलंय?" हे म्हणाले.

"शिशापेक्षा जड. लोखंडाच्या दुप्पट."

पुढे एक यंत्र ती भुकटी साच्यात घालून दाबत होतं, आणि बाहेर छोट्या छोट्या तिकोनी वड्या पडत होत्या. एक वडी मी हातात घेतली आणि नखानं दाबून बघितली. तिचा खडूसारखा भुगा झाला. पलीकडे भट्टी, एखाद्या कपाटासारखी, बंद. तिच्या पुढे ट्रेमध्ये भाजून निघालेल्या वड्या, राखाडी, चकचकीत, आणि आकारानं कच्च्यापेक्षा चांगल्याच लहान.

मी सगळीकडे बघितलं. कोपऱ्यात बघितलं, टेबलाखाली बघितलं, मागच्या दारातून बाहेर डोकावून बघितलं. शेवटी राहवेना.

"आंबे कुठे आहेत?" मी विचारलं.

"घरात ठेवलेत की काकू, फ्रिजवर."

"ते नाही. तुम्ही पिकवता ते."

यंत्र ठक-ठक चालूच होतं. मग मी एका दमात सगळं सांगितलं. मृणाल काय म्हणाली, मला काय वाटलं, देवाचा नैवेद्य, पेटीतल्या पुड्या, पलंगाखालची अढी. सांगता सांगता माझं मलाच कळायला लागलं की काहीतरी भलतंच झालंय, पण सुरू झालेलं बोलणं थांबेना.

शोभाताईंनी आधी पदर तोंडाला लावला. मग भिंत धरली. मग सरळ एका पालथ्या घातलेल्या पिंपावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "आंबं!" त्यांना बोलता येईना. "अवो, आंबं! चौदाशे डिग्रीला!"

हे म्हणाले, "अगं, मला तरी विचारायचंस."

"तुम्ही झोपला होतात," मी म्हटलं.

एकटे आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमी मनात ठिवून घरूनच न्हाई म्हणला असता, तर आमाला जल्मात कळलं नसतं आमचं काय चुकलं ते. एवढ्या लांब बघायला आलासा, हे लई झालं."

मला रडूच आलं असतं, पण ओंकार पुढे झाला. "काकू, कार्बाइड हे आडनाव आहे," तो म्हणाला. "कोल्हापुरात पाटील किती आहेत? सगळे एका घरातले आहेत का?"

"आमच्याकडे म्हात्रे तसेच," मी डोळे पुसत म्हटलं.

"तसंच. कार्बन म्हणजे आपला कोळसा. त्याच्याशी धातूचं लग्न झालं की धातूला कार्बाइड आडनाव लागतं. आंब्यातलं ते कॅल्शियम कार्बाइड. त्याला जरा ओल लागली की संसार मोडला, गॅस होऊन उडून गेला. त्या गॅसनंच आंबा पिवळा पडतो. आमचं हे टंगस्टन कार्बाइड. ह्याला पाणी घाला, तापवा, घासा, हे सोडत नाही एकमेकांना."

लग्नाच्या बोलणीला आलेल्या बाईला याहून सोपं करून कोण सांगेल?

मग मात्र मी सगळं विचारून घेतलं. आलेच आहे तर पूर्ण बघून जावं. इतकं घट्ट का बसतं, म्हटलं, तर ओंकारनं फरशीवर खडूनं ठिपके काढले. ठिपक्यांची रांगोळी असते ना, खालच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये वरचा ठिपका येतो ती, तशी. ते मोठे ठिपके टंगस्टनचे. तीन ठिपक्यांच्या मधे जो खळगा राहतो तिथे कार्बनचा बारीक ठिपका, पण एक आड एक, शेजारचा खळगा रिकामा. त्यावर परत टंगस्टनचा थर, बरोबर खालच्या ठिपक्यांच्या डोक्यावर. एक थर ह्याचा, एक थर त्याचा, आणि दोघं सारखेच, एकाला एक. सरकायला कुणाला जागाच नाही.

"तिसरी ओळ वाकडी आलीय," मी म्हटलं, आणि खडू घेऊन नीट केली.

"हे वितळवून साच्यात का ओतत नाही, घंटा ओततात तसं?" ह्यांनी विचारलं. एवढ्या वेळात हा त्यांचा पहिला कामाचा प्रश्न.

"अडीच हजार डिग्रीच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. तेवढं तापवणार कशात? भांडंच आधी वितळेल. म्हणून भुकटी घ्यायची, त्यात कोबाल्ट नावाच्या धातूची भुकटी घालायची, मेण घालून दाबायचं आणि भाजायचं. मेण उडून जातं, कोबाल्ट पातळ होऊन सगळ्या कणांना धरून बसतो."

"म्हणजे लाडू," मी म्हटलं.

"लाडू?" ओंकार म्हणाला.

"बेसन म्हणजे तुमचं कार्बाइड आणि तूप म्हणजे कोबाल्ट. तूप कमी झालं तर लाडू कडक होतो आणि हातात फुटतो. जास्त झालं तर फुटत नाही, पण मऊ बसतो."

"कोबाल्ट कमी, तर कडक पण ठिसूळ. जास्त, तर चिवट पण जरा मऊ," आप्पा म्हणाले. "ताई, आमच्या हितं कामाला येतासा का?"

कशाकशाला लागतं ते ऐकून तर मी थक्क झाले. त्या तिकोनी वड्या यंत्रावर लोखंड कापायला, जसं आपण बटाट्याचं साल काढतो. गाड्यांचे, पंपांचे भाग असेच कापून तयार होतात. तार ज्या भोकातून ओढून बारीक करतात ती भोकाची चकती ह्याचीच. काल वाटेत रस्ता खरवडणारं यंत्र बघितलं, त्याचे दात ह्याचेच. आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत बोअर मारली तेव्हा खडक फोडणारं टोक, विमानतळासाठी उलव्याचा डोंगर फोडताना सुरुंगाची भोकं पाडणारं टोक, आणि वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी दर रविवारी दुपारी भिंतीत ज्या ड्रिलनं भोकं पाडतात त्याचं टोकसुद्धा. त्या शेवटच्याबद्दल मी आप्पांना माफ केलेलं नाही.

"आणि काकू, पेन आहे का तुमच्याकडं?"

पर्समध्ये माझं खर्च लिहायचं बॉलपेन असतंच. त्यानं टोक उजेडात धरलं. "हा बारीक गोळा बहुतेक पेनांत ह्याचाच असतो. कागदावर हजार वेळा फिरतो, झिजत नाही."

म्हणजे इतकी वर्षं कार्बाइडला घरात घेणार नाही म्हणत होते, आणि रोज संध्याकाळी ते हातात धरून बसत होते.

आता तो प्रसंग सांगते, ज्यानं माझं खरं ठरलं. टेबलावर तशीच तार ओढायची एक तयार चकती होती, डाय म्हणतात तिला, गोल, आरशासारखी घासलेली. ह्याला फक्त हिऱ्याच्या चाकानंच घासता येतं म्हणे. मी कौतुकानं उचलली, आणि वजनाचा अंदाज चुकला. हातातून निसटून फरशीवर पडली. टण्ण असा आवाज आला आणि कडेचा टवका उडाला. एवढं कठीण, आणि पडल्यावर काचेसारखं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरची वस्तू, तीही सोयरीक ठरायच्या आधी.

मी ओंकारच्या तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षं संसार बघितलेल्या बाईला माणूस ओळखायला दुसरं काही लागत नाही. वस्तू फुटल्याच्या पहिल्या क्षणाला त्याचे डोळे कुठे जातात ते बघावं.

त्याचे डोळे माझ्या पायाकडे गेले. "पायावर नाही ना पडली काकू?"

"मी... त्याचे पैसे..."

"राहू दे की. आमचीबी पडती." त्यानं वाकून टवका शोधला, फुंकर मारली आणि टेबलाखालच्या डब्यात टाकला. डब्यात असेच टवके, मोडक्या वड्या, आणि शेजारच्या डब्यात घासताना उडालेली धूळसुद्धा.

"हे काय?"

"जपून ठेवतो. किलोवर विकलं जातं, त्याची परत पावडर होऊन येते. काही वाया घालवायचं नाही, आईचा नियम आहे."

शोभाताई पिंपावरून म्हणाल्या, "झाडूसुद्धा मी झटकून घेते."

मी तेल तळून उरलं तरी गाळून ठेवणारी बाई. झाडू झटकून धूळ विकणारी विहीण मला दुसरी कुठे मिळणार होती?

जेवताना शोभाताईंनी हळूच माझ्याकडे झुकून विचारलं, "ताई, आता तुम्ही मोकळं बोलला तर मीबी बोलते. रागावू नका. तुमची जमीन एअरपोर्टला गेली, कोटीत पैसा आला म्हणत होते सगळे. पनवेलच्या पोरीला आमचं घर परवडंल का, ही धाकधूक होती मला."

"आमची?" मी म्हटलं. "आमच्या खिडकीत दोन कुंड्या आहेत. एअरपोर्टनं मागितल्या नाहीत."

आता हसायची पाळी ह्यांची होती. तांबडा रस्सा नाकात गेला. (मी त्या दिवशी शुक्रवार असल्यानं पिठलं-भाकरी खाल्ली. पिठलं शोभाताईंच्या हातचं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. हे मृणालला सांगितलेलं नाही.)

निघताना आप्पांनी ती टवका उडालेली डाय कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "आठवण म्हणून घेऊन जावा ताई. सुरीला धार लावायला होतंय. घासा, न झिजता चालंल नातवंडांपर्यंत."

तिसरा दिवस: परत

परतीची एसटी सकाळची. गूळ घेतला दोन किलो, मंडईतून घ्या, देवळाजवळ महाग. कोल्हापुरी चपला घेणार असाल तर भाव निम्म्यावरून सुरू करा. रस्त्यात ह्यांनी मला विचारलं, "मग? धंदा पसंत आहे?"

"तूप बरोबर आहे," मी म्हटलं. "कडक आहे, पण फुटणारा नाही."

हे हसले आणि झोपले.

दार उघडलं तर घरभर आंब्याचा वास. पलंगाखाली अढी पिकली होती. मृणाल जेवणाच्या टेबलाशी बसलेली, ऑफिसातून लवकर आलेली, पुढे लॅपटॉप, पण बंद. तिनं "प्रवास कसा झाला" असं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. पुड्यांपासून पिंपावर बसलेल्या शोभाताईंपर्यंत. ती इतकी हसली की टेबलावर डोकं टेकलं. मग डोकं तसंच खाली ठेवून म्हणाली, "आई, मला वाटलं तुला त्याचे काळे हात आवडले नसतील. कारखान्यातले. म्हणून तू कारण सांगत नव्हतीस."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला त्रास नको म्हणून गप्प बसले होते, आणि माझ्या गप्प बसण्यात तिनं केवढं काय भरून ठेवलं होतं.

"काळे हात बघूनच तर आले," मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आता तुझे पिवळे करायचे. पण घाईनं नाही. तुळशीच्या लग्नानंतर बघू. अढीतलं पिकायला वेळ लागतो."

खर्च म्हणाल तर दोघांचा मिळून, ओटी, गूळ आणि मिसळ धरून, मी मनात धरला होता त्याच्या आतच राहिला. कोल्हापूरला जाणार असाल तर जरूर जा, अंबाबाईचं दर्शन घ्या, दूध प्या. आणि कुणाबद्दल काही मनात असेल तर ते मात्र जाऊन विचारूनच या.

त्या संध्याकाळी पलंगाखालून पहिला आंबा काढला. देठाशी वास घेतला. सुरी बोथट झाली होती, म्हणून पर्समधून ती डाय काढून तिच्या कडेवर सुरी दोन-चारदा ओढली. असा कर्र आवाज आला आणि पातं लखलखलं. आंबा चिरला, केशरी फोडी ताटलीत लावल्या, देवापुढे ठेवल्या, हात जोडले.

मागून हे म्हणाले, "अगं, आंब्याला कार्बाइड लावलंस."

"लावलं," मी म्हटलं. "देवाला माहीत आहे कोणतं ते."